नाव आपलं, ताबा दुसऱ्याचा

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईचे, नागपूरचे, हैदराबादचे लोक मोबाइलवर ‘ताडोबा सफारी बुकिंग’ शोधायला लागतात. समोर जी यादी येते तिच्यात ताडोबा, टायगर, सफारी, ऑनलाइन, ऑफिशियल हे शब्द उलटसुलट जोडून केलेली कितीतरी नावं असतात. वाघाचा फोटो तोच, हिरवा रंग तोच, जिप्सीचे दरही थोड्याफार फरकाने तेच. यातल्या काही साइट रीतसर धंदा करणाऱ्या एजंटांच्या असतात, तर काही नुसते पैसे उकळण्यासाठी उभ्या केलेल्या. पहिल्यांदाच येणाऱ्या कुटुंबाजवळ खरी कोणती हे ओळखायला नावाशिवाय काहीच नसतं.

ताडोब्याच्या बुकिंगवरून २०२३ साली मोठं प्रकरण उभं राहिलं. ऑनलाइन बुकिंग करारावर सांभाळणाऱ्या एका खासगी कंपनीने १२ कोटी १५ लाख रुपये भरलेच नाहीत, अशी तक्रार व्याघ्र प्रकल्पाने चंद्रपूर पोलिसांत दिली. वाद न्यायालयात गेला, मधल्या काळात बुकिंग अडलं. तो वाद पैशांचा होता, नावाचा नव्हता. पण बुकिंगचं दार दुसऱ्याच्या हाती असलं की काय होतं, हे जिल्ह्याने तेव्हा पाहिलं. आता अधिकृत बुकिंग ‘मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन’ या नावाखाली चालतं. शेवटचं ‘जीओव्ही डॉट इन’ सरकारी कार्यालयांखेरीज कुणालाही मिळत नाही, म्हणून पर्यटकाने नावाची ही शेपटी आधी पाहावी. सरकारला ही सोय आहे. कोलाऱ्याच्या होमस्टेवाल्याला, मोहर्लीच्या गाइडला, धानोऱ्याच्या बचत गटाला ती नाही. त्यांना आपलं नाव स्वतःच राखावं लागतं, आणि ते हातचं गेलं तर कायद्याने परत मिळवावं लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. शेतीचं वाटप, खाणीत गेलेल्या जमिनीचा मोबदला, चेकचे दावे हे इथल्या वकिलांचं रोजचं काम. अलीकडे त्यात वेबसाइटच्या नावाची, म्हणजे डोमेनची भांडणं येऊ लागली आहेत. या भांडणांत समोरचा माणूस परदेशात बसलेला कुणी भामटा असतो असं लोकांना वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत तो बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो: साइट बनवून देणारा मुलगा, सोडून गेलेला भागीदार, कधी सख्खा भाचा.

कोलारा गेटकडच्या एका गावातलं जोडपं आलं होतं. जंगलाच्या बफर पट्ट्याला लागून त्यांचं चार खोल्यांचं होमस्टे. आजेसासूच्या नावावरून त्यांनी त्याचं नाव ठेवलेलं, आणि त्या नावाला पुण्या-मुंबईच्या फोटोग्राफर मंडळींत चांगला मान. नागपूरच्या एका तरुणाने साइट बनवून दिली होती. दरवर्षीच्या खर्चावरून खटके उडाले आणि एके दिवशी त्याने साइटवरचा फोन नंबरच बदलला. पत्ता तोच, फोटो तेच, पण फोन लागायचा दुसऱ्या रिसॉर्टला. दादा म्हणाले, “मॅडम, नाव आमचं हाये, खोल्या आमच्या हायेत, फोटोतली म्हैससुद्धा आमचीच हाये. मंग साइट त्याची कशी?”

अशा वेळी मी सगळ्यात आधी डोमेनची नोंद काढते. ‘आयकॅन’ ही संस्था जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था पाहते. तिच्या लूकअप पानावर नाव टाकलं की नोंद समोर येते, पैसे पडत नाहीत. त्या दिवशीही तेच केलं. ‘क्रिएशन डेट’पुढे नाव पहिल्यांदा घेतल्याची तारीख होती. ‘एक्सपायरी डेट’ला अजून पाच-सहा महिने होते. ‘रजिस्ट्रार’ म्हणून डोमेन विकणाऱ्या कंपनीचं नाव होतं. ‘स्टेटस’मध्ये ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’, म्हणजे खातेदाराने कुलूप काढल्याशिवाय नाव दुसरीकडे हलणार नाही. आणि ‘रजिस्ट्रंट’, म्हणजे नाव कुणाचं, त्या रकान्यात होतं ‘रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी’. युरोपचा खासगी माहितीचा कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून हा रकाना असाच झाकलेला असतो. तो उघडायचा तर रजिस्ट्रारला रीतसर लिहावं लागतं किंवा न्यायालयाचा आदेश आणावा लागतो.

या नोंदीला मी सातबाऱ्याच्या रांगेत बसवते. सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली, असं आपल्याकडे पक्कं समजलं जातं. पण ती महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. डोमेनचंही तसंच. खातं ज्याच्या ईमेलवर, ओटीपी ज्याच्या फोनवर, त्याचा ताबा. हक्क कुणाचा हा प्रश्न वेगळा, आणि तो पुराव्याने सुटतो. या जोडप्याकडे जुनी बिलं होती, ग्रामपंचायतीचा दाखला होता, पर्यटकांचे अभिप्राय लिहिलेली वही होती. सगळ्यात मोलाचा ठरला तो त्याच तरुणाचा व्हॉट्सअॅप संदेश: “दादा, तुमचं डोमेन रिन्यू केलं, पैसे पाठवून द्या.” त्याच दिवशी वहिनींच्या खात्यातून पैसे गेल्याची नोंदही निघाली. डोमेन आपण यांच्यासाठी घेतलं होतं, ही त्याची लेखी कबुलीच होती ती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. डोमेनसाठी म्हणून आपल्याकडे वेगळा कायदा नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला, पण त्यात डोमेनच्या भांडणांसाठी वेगळं प्रकरण नाही. पोकळी भरून काढली ती न्यायालयांनी. मुंबई उच्च न्यायालयासमोर १९९९ मध्येच ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ यांचा वाद आला. फरक एका अक्षराचा. न्यायालयाने सांगितलं की डोमेन हा इंटरनेटवरचा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळालं पाहिजे. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया डॉट कॉम’ चालवणाऱ्याला रोखलं. पुढे ‘सत्यम इन्फोवे’चं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या कंपनीने आपल्या नावातली अक्षरं जोडून ‘सिफी’ हा शब्द घडवला होता. दुसऱ्या कंपनीने ‘सिफीनेट’ याच उच्चाराचं, एक एफ जादा घातलेलं डोमेन घेतलं. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली आणि ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. निकालपत्र न्यायमूर्ती रुमा पाल यांचं. आज देशातल्या कुठल्याही न्यायालयात डोमेनचा दावा उभा राहतो तो या निकालाच्या पायावर.

या निकालाचा गाभा म्हणजे ‘पासिंग ऑफ’: आपला माल किंवा सेवा दुसऱ्याच्या नावावर खपवणं. ट्रेडमार्कची नोंदणी नसली तरी हा दावा करता येतो. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नावाला बाजारात पत होती, समोरच्याच्या वागण्याने गिऱ्हाईक फसलं किंवा फसण्याजोगं होतं, आणि त्यातून आपलं नुकसान झालं किंवा होणार आहे. कोलाऱ्याच्या जोडप्याच्या वहीतले अभिप्राय पहिल्या मुद्द्याला उपयोगी पडले. दुसऱ्या रिसॉर्टवर पोहोचून मग चौकशी करत गावात आलेल्या पर्यटकांचे संदेश दुसऱ्याला.

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी, कारण चंद्रपूर जिल्ह्यातले निम्मे व्यावसायिक इथेच अडकतात. त्यांनी नाव ठेवलेलं असतं ‘ताडोबा’ला ‘टायगर’, ‘जंगल’, ‘सफारी’ यातलं काही जोडून. मग शेजारच्याने तसंच नाव घेतलं की ते माझ्याकडे येतात. ताडोबा हे कुणा एकाचं नाव नाही. वाघाशी झुंजताना गेलेल्या तारूची कथा इथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये, व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये, देव त्याच्या कितीतरी आधीचा. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर ठिकाणाचं किंवा मालाचं वर्णन करणारं नाव कलम ९ प्रमाणे सहसा नोंदवता येत नाही. आणि अनेक शब्दांचं मिळून नाव नोंदवलं तरी कलम १७ सांगतं की हक्क अख्ख्या नावावर मिळतो, त्यातल्या सुट्या शब्दावर मिळतोच असं नाही. ‘शादी डॉट कॉम’ चालवणाऱ्या मुंबईच्या कंपनीलाही हा अनुभव आला. या कंपनीच्या साइटचं नाव स्वतःच्या पानांत लपवून पेरून गिऱ्हाईक वळवणाऱ्या एका साइटविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तिच्या बाजूने आदेश दिला. पण २०१६ मध्ये ‘सेकंडशादी डॉट कॉम’ला रोखायला मात्र नकार दिला, कारण शादी हा रोजच्या बोलण्यातला शब्द, त्यावर एकाला मक्ता देता येत नाही. म्हणून मी नव्या होमस्टेवाल्यांना सांगते की ताडोबा खुशाल जोडा, पण त्याच्यापुढे तुमचं म्हणून काहीतरी असू द्या. आजीचं नाव, शेताचं नाव, मनाने घडवलेला शब्द. आजेसासूचं नाव ठेवणाऱ्या त्या जोडप्याची बाजू पहिल्या दिवसापासून भक्कम होती ती यामुळेच.

नावाचा हक्क वेळेत न नोंदवल्याने काय होतं हे आपल्या जिल्ह्याने फार जवळून पाहिलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यातल्या वेगळ्या लोंब्या निवडत निवडत धानाचं वाण घडवलं. तेव्हा गाजत असलेल्या घड्याळावरून बाजारात त्याला एचएमटी नाव पडलं. तांदूळ राज्याराज्यांत गेला, लोकांनी त्यावर पैसा केला. दादाजींच्या हातात ना नावाचा हक्क होता ना वाणाचा. शेतकऱ्याच्या वाणाला हक्क देणारा कायदाच मुळी २००१ मध्ये झाला. २०१८ मध्ये ते गेले, तोवर सन्मान पुष्कळ मिळाले होते, पैसा नाही. त्यांच्या गावावरून जाताना मला दरवेळी वाईट वाटतं. डोमेनचं भांडण त्या मानाने फार लहान, पण नोंद करून ठेवण्याची हयगय तीच.

नोंदणीला खर्च तरी किती? एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो, मोठ्या कंपनीला ९,००० लागतात. राहण्या-जेवण्याच्या सेवेला ४३ वा वर्ग, सहली आणि प्रवासाला ३९ वा. आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे जातात. तपासणी झाली की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं, चार महिन्यांत कुणी हरकत घेतली नाही तर नोंद होते, आणि ती दहा वर्षं टिकते, पुढे वाढवता येते. अर्ज करणाऱ्याने ‘टीएम’ लिहिलं तर चालतं, पण गोलातला ‘आर’ नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. देवनागरीतलं नावही नोंदवता येतं. शिवाय २०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेपटीची देवनागरी डोमेनही मिळतात, पण आपल्याकडे फार थोड्यांनी ती घेतली आहेत.

भांडण न्यायालयाबाहेर सोडवण्याची वाट नावाच्या शेपटीवर ठरते. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या बायकांच्या एका गटाचं उदाहरण सांगते. त्यांचे मोहाचे लाडू आणि जंगली मध मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात हातोहात खपले. लेबलवर गटाचं स्वतःचं नाव होतं. काही महिन्यांनी साइट करायला घेतली तर त्याच नावाचं ‘डॉट इन’ डोमेन कुणीतरी अडवून ठेवलेलं. साइटवर काहीच नाही, फक्त ‘हे नाव विकणे आहे’ अशी ओळ. चौकशी केली तर उत्तरात हजारोंचा आकडा आला. गटाच्या अध्यक्ष ताई पैसे द्यायला तयार झाल्या होत्या. मी म्हटलं, “ताई, थांबा. तो ईमेल जपून ठेवा, पैसे देऊ नका.”

‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’ नावांचा कारभार ‘निक्सी’ ही दिल्लीची संस्था पाहते. तिची वाद सोडवण्याची पद्धत २८ जून २००५ पासून चालू आहे, तिला ‘आयएनडीआरपी’ म्हणतात. तक्रार निक्सीकडे द्यायची, ती लवाद नेमते, लवाद बहुतांशी कागदपत्रांवरच निकाल देतो. तारखांना दिल्लीला जावं लागत नाही, आणि गडचिरोलीच्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे नागपूरला जाण्यातच ज्याचा दिवस मोडतो तोच सांगेल. दाखवायच्या गोष्टी तीन. डोमेन आपल्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतकं जुळतं. समोरच्याचा त्या नावावर कुठलाही रास्त हक्क नाही. आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वाईट हेतूने वापरतो आहे. नोंदवलेला ट्रेडमार्कच हवा अशी अट नाही, वापरातून मिळवलेलं नावही चालतं. गटाने प्रदर्शनाची पत्रं, अन्न परवाना, लेबलचे जुने नमुने, बिलं जोडली आणि वाईट हेतूसाठी तो विकायचा ईमेल. समोरच्याने उत्तरच दिलं नाही. लवादाने नाव गटाकडे सोपवण्याचा निवाडा दिला. हा निवाडा लवाद कायद्याखालचा असतो, त्यामुळे त्याला न्यायालयात आव्हान देता येतं, पण त्याची कारणं मोजकीच.

तेच नाव ‘डॉट कॉम’, ‘डॉट नेट’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असतं तर वाट वेगळी झाली असती. त्यासाठी आयकॅनने १९९९ मध्ये ठरवलेली ‘यूडीआरपी’ ही जागतिक पद्धत आहे. तक्रारी मुख्यतः जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या केंद्राकडे ऑनलाइन जातात. समोरच्याला उत्तराला २० दिवस, निकाल साधारण दोन महिन्यांत. कसोट्या जवळजवळ त्याच, पण एक फरक प्रकरण फिरवू शकतो: इथे नाव वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूने वापरलं, दोन्ही दाखवावं लागतं. म्हणजे तुमचा धंदा सुरू होण्याआधीच कुणी ते नाव घेतलेलं असेल, तर सहसा हात रिकामे राहतात. उगाच दुसऱ्याचं नाव बळकावायला तक्रार केली तर पॅनेल तसा ठपकाही ठेवतं. फी एका पंचासाठी १,५०० डॉलर, आजच्या भावाने सव्वा लाखाच्या वर. मोहाचे लाडू विकणाऱ्या गटाला हा आकडा परवडणारा नाही. माझ्या मते गरीब व्यावसायिकांसाठी ही फी हाच मोठा अन्याय आहे. म्हणूनच मी लहान धंद्यांना ‘डॉट इन’ आधी घ्या म्हणते, भांडण झालंच तर ते रुपयांत आणि देशात मिटतं.

दोन्ही पद्धतींत मिळतं एवढंच: नाव रद्द होतं किंवा तुमच्याकडे येतं. बुडालेल्या हंगामाची भरपाई मिळत नाही. आणि करारातून उपजलेली भांडणं, जसं साइटवाला आणि मालक यांचं, असले पंच अनेकदा न्यायालयाकडेच वळवतात. कोलाऱ्याच्या जोडप्याचं नाव ‘डॉट कॉम’ होतं आणि समोर साइटवाला, म्हणून त्यांच्यासाठी न्यायालयाचीच वाट बरी होती.

न्यायालय म्हटलं की कुठलं, हा प्रश्न इथल्या माणसाला पैशाइतकाच महत्त्वाचा. ट्रेडमार्कचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. नोंदवलेल्या ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचा दावा मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे करता येतो, कलम १३४ ने ही खास सवलत दिली आहे. नोंदणी नसली, नुसता पासिंग ऑफचा दावा असला, की ही सवलत जाते. मग प्रतिवादी जिथला तिथे जा, नाहीतर दाव्याचं कारण आपल्या जिल्ह्यात घडलं हे दाखवा. म्हणजे त्या ४,५०० रुपयांनी खटला गुरुग्राम किंवा बंगळूरऐवजी चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत आणता येतो. नोंदणी करून घ्या म्हणून मी मागे लागते त्याचं सगळ्यात व्यावहारिक कारण हे.

दाव्याबरोबर आम्ही निशाणी ५ चा अर्ज देतो, तूर्तातूर्त मनाईहुकमासाठी. खटल्याचा निकाल लागायला वर्षं जातात, तोवर समोरच्याने ते नाव वापरू नये, विकू नये, हलवू नये एवढं या अर्जावर मिळालं तरी निम्मी लढाई झाली. न्यायालय प्रथमदर्शनी बाजू कुणाची, गैरसोय कुणाची जास्त आणि भरून न येणारं नुकसान कुणाचं, हे पाहतं. तीन लाख किंवा त्याहून अधिक किमतीचा वाद व्यापारी न्यायालयाच्या कायद्याखाली येतो, आणि तिथे तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करणं बंधनकारक आहे. तातडी खरी हवी, मध्यस्थी टाळायला दाखवलेली नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं आहे.

हे जोडपं माझ्याकडे आलं ते जुलैत. जंगलाचा आतला कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, पर्यटक तुरळक. उद्याच्या उद्या हुकूम हवा असं म्हणायला जागा नव्हती. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज दिला. तिथे तीन महिने मिळतात, दोघांच्या संमतीने आणखी दोन. समोरचा तरुण आला, सुरुवातीला तावातावाने बोलला. त्याचंही म्हणणं होतं, दोन वर्षांचे कामाचे पैसे थकले होते आणि त्यातली काही रक्कम खरीच देणं होती. व्हॉट्सअॅपचा संदेश समोर ठेवल्यावर तो नरमला. थकलेले पैसे द्यायचे, त्याने कुलूप काढून नाव हलवण्याचा ऑथ कोड द्यायचा, साइटवरचा नंबर त्याच दिवशी बदलायचा, असं लिहून झालं. मध्यस्थीतल्या अशा तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकंच बळ असतं. पुढच्या आठवड्यात नाव वहिनींच्या स्वतःच्या खात्यावर आलं.

मध्यस्थी फसली असती तर स्क्रीनशॉटचा प्रश्न आला असता. मोबाइलमधला फोटो नुसता छापून दिला तर पुरावा म्हणून अडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ संदेश पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. साइटची जुनी रूपं जतन करणाऱ्या ‘वेबॅक मशीन’वरही आपलं पान आधी कसं होतं ते पुष्कळदा सापडतं.

आता ज्यांनी साइट उभीच केली ती लुटायला, त्यांचं काय? इथे ट्रेडमार्क मालकापेक्षा आधी पर्यटक बुडतो. सफारीचे पैसे भरून गेटवर आलेलं, यादीत नाव नसल्याने परत फिरलेलं कुटुंब पाहिलं की संताप येतो. फसलेल्याने ताबडतोब १९३० वर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, पैसे बँकेत अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. संगणकावरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याचं नाव वापरलं गेलं, त्या मालकाला वेगळा दिवाणी दावाही करता येतो, आणि समोरचा कोण हेच ठाऊक नसेल तर ‘अशोक कुमार’ या नावाने अज्ञात प्रतिवादीविरुद्ध तो दाखल होतो.

यात मुंबई उच्च न्यायालयाचा जून २०२० चा एक निकाल समजून घेण्यासारखा आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या नावाशी मिळतीजुळती डोमेन घेऊन लोकांना फसवलं जात होतं. कंपनीने डोमेन विकणाऱ्यांना ती नावं कायमची ‘ब्लॉक’ करायला सांगा, अशी मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी यंत्रणा कशी चालते तेच उलगडून सांगितलं. डोमेनची विक्री यंत्रावर आपोआप होते, कुणी माणूस बसून नाव तपासत नाही. रजिस्ट्रार नोंद निलंबित करू शकतो, पण लोकांना एखाद्या साइटवर जाण्यापासून अडवणं त्याच्या हातातलं नाही. म्हणून मागणी नेमकी हवी: नोंद निलंबित करा, हलवण्यावर कुलूप लावा, खातेदाराचा तपशील द्या. मोघम मागणी केली की हुकूमही मोघम मिळतो, आणि तो घेऊन पोलिसांकडे किंवा रजिस्ट्रारकडे गेलं की पुन्हा हेलपाटे.

मुदत हाही एक धोका आहे. ‘डॉट कॉम’ची मुदत संपली की रजिस्ट्रार काही दिवस थांबतो, मग दंड भरून नाव सोडवायला ३० दिवस मिळतात, त्यानंतर पाच दिवसांत ते बाजारात मोकळं होतं आणि कुणीही उचलतं. गडचिरोलीतल्या एका संस्थेचं नाव असंच गेलं, कारण आठवणीचे ईमेल जात होते ते केव्हाच सोडून गेलेल्या कार्यकर्त्याच्या पत्त्यावर. तेव्हा खातं संस्थेच्या ईमेलवर ठेवा, मोबाइल नंबर पदाधिकाऱ्याचा द्या, पैसे संस्थेच्या खात्यातून भरा, आणि साइटवाल्याच्या करारात ‘डोमेन मालकाच्या नावावर’ ही ओळ मराठीत लिहून घ्या.

माझं म्हणणं वनखात्यापुढे आणि विधी सेवा प्राधिकरणापुढे मी मांडलं आहे, इथेही मांडते. ताडोब्याच्या अधिकृत साइटची नक्कल करणारी जी ‘डॉट इन’ नावं आहेत त्यांच्याविरुद्ध खात्याने स्वतः निक्सीकडे जावं, पर्यटकाच्या तक्रारीची वाट पाहू नये. आणि कोअर बंद असतो त्या तीन महिन्यांत, गाइड, जिप्सीचालक आणि होमस्टेवाले मोकळे असताना, मोहर्ली आणि कोलाऱ्याला वर्ग घ्यावेत. नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिचं कामच हे शिकवण्याचं आहे. वर्गात पहिल्या तासाला प्रत्येकाने आपापल्या फोनवर आपल्या साइटची नोंद काढायची, मुदत कधी संपते ते वहीत लिहायचं आणि ओटीपी कुणाच्या फोनवर जातो ते विचारून यायचं. दुसऱ्या तासाला ट्रेडमार्कचा अर्ज भरायचा.